आभाराचं पान

गोलनूश बूट न काढताच आत आली. वीस वर्षांत ही पोर माझ्या गालिच्यावर बूट घालून कधी चढली नव्हती. म्हणून मी ओरडले नाही. आधी दार लावून घेतलं.

"खाला, कियूमर्सनं पाठवलेलं पान पाहिलंत?" तिनं फोन पुढे केला.

"तूच वाच. माझे डोळे आता गेले, शिक्षण पाचवीतच गेलं होतं."

कियूमर्स माझा मुलगा. अकरा वर्षं झाली, हाम्बुर्गला असतो. त्याआधी तो आणि त्याचे दोस्त इथे इराणात, आमच्या करज शहरातल्या घरात, तळघरात गिटार बडवायचे. आवाज गल्लीत जाऊ नये म्हणून माझ्या लग्नातल्या रजया मी स्वतः भिंतींना ठोकल्या. तळघराच्या जिन्याची चौथी पायरी मोडकी, नवा माणूस तिथे हमखास आपटायचा. म्हणून बँडचं नाव ठेवलं 'चौथी पायरी'. परवानगी नाही, फोटो नाही, कुणाचं नाव नाही. गाणी हातोहात पसरली आणि अख्खं गाव विचारू लागलं, हा मुलीचा आवाज कुणाचा? पावाच्या रांगेत माझ्यापुढच्या दोघी तेच गाणं गुणगुणायच्या आणि मी ओठ शिवून उभी. मला ते किती जड गेलं, ते माझं मलाच ठाऊक.

आवाज गोलनूशचा होता. बाईनं एकटीनं गाणं इथे तेव्हाही गुन्हा, आजही गुन्हा. आता ती मुलींच्या शाळेत दुसरीला शिकवते. तिची स्वतःची लेक सहा वर्षांची आहे.

कियूमर्स आता वीस वर्षांतली निवडक गाणी एका तबकडीवर काढत होता, तळघरातल्या पहिल्या गाण्यापासून परवाच्या शेवटच्यापर्यंत. वेष्टनाच्या आत आभाराचं पान. गोलनूश वाचू लागली. तळघर आणि रजया, तूबा खानम, म्हणजे मी. गल्लीच्या तोंडाशी काठी घेऊन उभे राहणारे आणि पोलिसांची गाडी दिसली की खोकणारे शेजारी, नेजाती. ढोल, इरज. मग तिनं पुढची ओळ वाचली. "स्वर, गोलनूश सालारी. आता शिक्षिका..."

"शाळेचं नावसुद्धा?"

"हो, खाला. उद्या छपाईला जातंय."

मी तिथल्या तिथे फोन लावला. कियूमर्सचा चेहरा खुललेला.

"मामान! पाहिलंस? एकालाही विसरलो नाही!"

"गाढवा, विसरायचंच होतं!"

"तूच शिकवलंस ना? ज्याचं मीठ खाल्लं, त्याचं नाव घेतल्याशिवाय जेवणाच्या सुफऱ्यावरून उठायचं नाही."

खरं होतं. सात वर्षांचा असताना मावशीच्या घरून तो आभार न मानता निघाला, तेव्हा सगळ्यांदेखत थोबाडीत दिली होती मी. तीच थोबाडीत आज माझ्याकडे परत आली.

"इरजला पोलिसांनी उचलून नऊ दिवस कुठे ठेवलं होतं, विसरलास? परत आला तो ढोलाच्या काठ्यांना हात लावेना. तुझं मीठ तिकडे गोड झालंय रे. इथे कागदावर नाव म्हणजे पत्ता."

तो हळू म्हणाला, "काढतो सगळी नावं. पण मामान, स्वराची जागा रिकामी दिसली की लोक शोधणारच. इतकी वर्षं शोधतातच आहेत."

"मग तिथे माझं घाल."

तो हसला. "तुझं? तू अंगाई म्हटलीस की मी झोपेतून रडत उठायचो!"

"तिसऱ्या गाण्यात जिन्यातून 'चहा निवतोय, मेल्यांनो' कोण ओरडतंय? तुम्हीच ठेवलंत ना ते? घर माझं, रजया माझ्या, आवाजही माझाच. लिही."

गोलनूशनं माझा हात धरला. "खाला, मी हे होऊ देणार नाही."

"सत्तरीच्या म्हातारीचं काय वाकडं करणार ते?" मी मोठ्यानं म्हणाले.

"आणि त्यांनी गा म्हटलं तर?" गोलनूशनं विचारलं.

म्हणून दर शुक्रवारी ती येऊ लागली. तळघरात, त्याच रजयांमध्ये, मला तिचंच गाणं शिकवायला.

"खाला, सूर अजून खाली."

"अजून खाली माझे गुडघे आहेत. तिथे कोण वाकणार!"

ती हसायची आणि हसता हसता तोंड फिरवायची.

तबकडी बाहेर आली. पाच आठवडे गेले. सहाव्या शुक्रवारी आम्ही खाली असतानाच घंटा वाजली, लांब, दोनदा. नेजाती एकदाच वाजवतात, तीही चोरासारखी. गोलनूश पांढरी पडली. मी तिला कोपऱ्यातल्या रजईमागे ढकललं, चौथी पायरी ओलांडली आणि दार उघडलं.

दोन माणसं. बूट काढून आत आली, एवढी मात्र रीत पाळली. त्यांतल्या थोरल्यानं फोनवर ते पान उघडलं.

"तूबा खानम? हा स्वर तुमचा?"

"मग काय तुमचा?"

"गाऊन दाखवा."

पायाखाली, फरशीच्या खाली, गोलनूश उभी होती. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "माझ्या गल्लीत दिवा नाही, तरी वाट मला ओळखते." घसा फाटला. तरीही चार ओळी शेवटापर्यंत नेल्या.

"हा आवाज तरुण आहे," धाकटा म्हणाला.

"तेव्हा मीही पन्नाशीतच होते. तुझी आई अजून विशीतच आहे का रे?"

थोरला हसला नाही. त्यानं काहीतरी लिहून घेतलं. "एकच कडवं येतं?"

"आता दमले."

"हरकत नाही. आम्ही परत येऊ."

त्यांच्या गाडीचा आवाज विरेपर्यंत मी दाराला टेकून होते. मग खाली गेले. गोलनूशनं रजईचं टोक दातांत इतकं घट्ट धरलं होतं की ते मला सोडवावं लागलं.

"चल," मी म्हटलं. "दुसरं कडवं शिकव."