चष्मेवाल्याची गाडी

"बाबा, अख्ख्या जगाला चष्मे लावता, मग आपल्याच गाडीला मोतीबिंदू कसा झाला?"

हा प्रश्न मासोळीच्या डोक्यातला नव्हता. पोहण्याच्या सरावानंतर मैत्रिणींनी ओल्या केसांनिशी पैज लावून तो तिच्या गळ्यात मारला होता. "तुझ्याच्याने विचारवणार नाही," असं त्यांचं भाकीत. भाकीत खोटं नव्हतं, फक्त जुनं झालं होतं. गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. पण रिले संघाच्या चाचणीत तिने सगळ्यांना मागे टाकलं आणि तेव्हापासून तिच्या जिभेला हाड म्हणून राहिलं नव्हतं.

बाबांनी शांतपणे ताट पुढे सरकवलं. "मोतीबिंदू कसला, म्हातारपण आहे ते. गाडी आणि मी, दोघंही एकाच वाटेवर."

"तुम्ही थोडे पुढे आहात," आई म्हणाली.

बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि गाडीचे दोन्ही हेडलाइट पिवळट, धुरकट पडले होते. अंधारात पुढचं काही दिसत नाही म्हणून सूर्य कलला की बाबा गाडीला हात लावत नसत. आईला गाडी चालवता यायची, पण "दिवेच मेलेत, तर तू तरी काय करणार?" हे बाबांचं ठरलेलं उत्तर. म्हणून उजेड असेतोवरच मासोळीला तलावावरून उचललं जाई आणि सराव अर्धाच राही. सरांनी परवा स्पष्ट सांगितलं होतं, की अर्ध्यात उठून जाणारी मुलगी संघात चालणार नाही.

"दिवे मी साफ करते," मासोळीने जाहीर केलं. "व्हिडिओ पाहिलाय."

"व्हिडिओ पाहून लोक विमानंही उडवतात," बाबा म्हणाले. "पडल्याचा व्हिडिओ मात्र टाकत नाहीत."

तरी सुट्टीच्या दिवशी सकाळी ते बादली घेऊन हजर होते. मासोळीने हेडलाइटच्या कडेने रंगावर चिकटपट्टी लावली, जाड पॉलिश पेपर पाण्यात बुडवला आणि आडवं घासायला सुरुवात केली. पिवळं पाणी ओघळलं. ती घाम पुसायला थांबली तेवढ्यात बाबांनी खिशातलं मऊ फडकं काढलं आणि हेडलाइट कोरडा करून टाकला. ती परत घासू लागली तशी कर्र असा आवाज आला आणि भलामोठा चरा उमटला.

"बाबा, पुसलंत?"

"ओली काच दिसली की हात आपोआप जातो गं. वीस वर्षांची सवय."

"ही काच नाही, प्लॅस्टिक आहे. आणि ते ओलंच लागतं. आता पुन्हा पहिल्यापासून."

दुसऱ्यांदाही त्यांनी पुसलं. तिसऱ्यांदा आईने घरातल्या शिवणयंत्रावरून उठून बाहेर येत ते फडकं जप्त केलं आणि त्यांच्या हातात पाणी फवारायची बाटली दिली. "झाडांना घालता तसं घाला. अक्कल चालवू नका."

जाड पेपर आडवा, मग बारीक पेपर उभा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. ही युक्ती व्हिडिओतली. पण घासून झाल्यावर हेडलाइट होता त्याहून पांढरा, दुधाळ दिसू लागला.

"अंधुक दिसत होतं, आता पुरताच आंधळा केलास," बाबा म्हणाले.

मासोळीने आणखी बारीक पेपर घेतला, त्यानंतर पॉलिश. खांदे तर पोहूनही इतके कधी दुखले नव्हते. हळूहळू त्या दुधातून आतला बल्ब वर आला, त्याच्या मागची चकचकीत वाटी आली, आणि तिथे अडकून मेलेला एक किडासुद्धा स्वच्छ दिसला. दुसरा दिवाही तसाच झाला. पिवळेपणा पुन्हा चढू नये म्हणून वरून पारदर्शक थर फवारला आणि बाबांना तिथून चार हात लांब बसवलं.

तिन्हीसांजेला गाडी समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि दिवे लावले. भिंत लख्ख उजळली.

"'येथे वाहने लावू नयेत,'" मासोळीने वाचलं.

"खाली रंगाऱ्याचं नावही आहे," आई म्हणाली.

बाबांनी डोळे बारीक केले, मान पुढे काढली. "कुठे काय लिहिलंय?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"अहो, स्वतःचा नंबर शेवटचा कधी तपासलात?"

"गिऱ्हाइकांतून सवड मिळाली तर ना," बाबा चष्मा पुसत म्हणाले.

"दिव्याखाली अंधार," आई म्हणाली. बाबा मात्र हसू दाबत होते.

मासोळीने चिकटपट्टीचा बोळा करून बादलीत टाकला. मैत्रिणींनी पैज लावली नसती तरी पुढचं तिने सांगितलंच असतं.

"ठरलं माझं. उद्यापासून मी सराव संपेपर्यंत थांबणार. मला न्यायला आई गाडी घेऊन येईल. बाबा, तुम्ही शेजारी बसायचं, आणि नवा चष्मा डोळ्यांवर चढेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही."