थुंकलेला घोट

डोंगर म्हणजे विझलेला ज्वालामुखी. त्याच्या काळ्या राखेत पिकलेल्या द्राक्षांच्या लाल वाइनला गावाबाहेर कुणी विचारत नव्हतं. यंदा ती विकली गेली नाही, तर वेली उपटून उतार खाणवाल्याला द्यायचा, असं काकूंच्या घरात ठरलेलं. त्यांचा जीव त्या वेलींत. पण दगडाला गिऱ्हाईक लगेच मिळतं. वाइनला आधी कौतुक लागतं.

म्हणून त्यांच्या जावईबापूंनी शहरातून व्यापारी आणला. पांढऱ्या शर्टाची इस्त्री इतकी कडक, की बसण्याआधी तो कपड्यांची परवानगी घेत असावा. अंगणाच्या वरच्या अंगाला, उतारात खोदलेल्या तळघरात तीन पिंपं, आणि त्यांच्या राखणीला काकूंचे सासरे, मामंजी. कान गेलेले, नजर घारीची.

व्यापाऱ्याने घोट घेतला, घोळवला, डोळे मिटले आणि बादलीत थुंकला. तिन्ही पिंपांचं तेच. काकूंचा चेहरा पडला. चाखणारे थुंकतातच, दिवसभर गिळत बसले तर घरी कसे पोचतील, असं जावईबापूंनी कानाशी लागून सांगितलं. माझा स्वयंपाक थुंकून तुम्ही कधी वाखाणलात का, असं काकूंनी विचारल्यावर ते पेल्यातल्या वाइनचा रंग उजेडात दाखवायला व्यापाऱ्याला अंगणात घेऊन गेले.

मामंजींना समजवायचं मात्र राहून गेलं. त्या डोंगरावरची रीत अशी: चाखणारा थुंकला म्हणजे वाइनचं व्हिनेगर झालं. पिंप ओतून टाकायचं, नाहीतर शेजारचंही नासतं. मामंजींनी निमूटपणे पहिली तोटी सोडली.

अंगणात व्यापारी म्हणत होता की धुराचा वास आहे, डाळिंब आहे, शेवटी चिमूटभर मीठही. पण अनोळखी डोंगराला भाव कोण देणार? तेवढ्यात मोरीतून लाल ओहोळ त्याच्या बुटांपाशी आला. तो धावत तळघरात गेला आणि त्याने तोटीला तळवा लावला. शर्टाचं जे व्हायचं ते झालं.

"अहो आजोबा, ओतताय काय!"

मामंजींनी ओठांवरून ओळखलं. "तूच थुंकलास ना? चांगली आहे म्हणतोस तर गिळून दाखव. मग बंद करतो."

मागोमाग आलेल्या काकू शांतपणे म्हणाल्या, "आधी भाव बोला. माल कमी होतोय, म्हणजे चढाच बोला."

व्यापारी बोलला. काकूंनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो आणखी चढा बोलला. जावईबापूंना त्यांनी खाणवाल्याला येऊ नका म्हणून कळवायला पिटाळलं आणि व्यापाऱ्याच्या हाती भरलेला पेला दिला. त्याने तो घटाघट रिकामा केला.

मामंजींनी तोटी बंद केली, त्याचा गळा नीट न्याहाळला, आणि दुसऱ्या तोटीवर हात ठेवला.

"आता हिचं बोल."