कुंडीकाका

वडील गेले तरी रोपवाटिकेत येणाऱ्यांचे प्रश्न काही थांबले नाहीत. गुलाब का रुसला, नेचा का वाळला, लोक सगळं आता त्यांच्या धाकट्या लेकीला विचारायचे. शेवटी तिने वडिलांचं झाडांविषयीचं सारं बोलणं आठवून आठवून एका चॅटबॉटमध्ये भरलं. नाव दिलं की तो लोकांसाठी खुला होणार होता. पण नावापाशीच घोडं अडलं.

‘झाडांचे डॉक्टर’ ही दुकानावरची जुनी पाटी. चॅटबॉटच्या कंपनीने नकार दिला; बॉटच्या नावात डॉक्टर चालत नाही म्हणे. जणू उद्या गुलाब कोर्टात जाणार होता! मग तिने ‘कुंडीकाका’ लिहिलं. सगळी गल्ली वडिलांना याच नावाने हाक मारायची. उत्तर आलं, हे नाव आधीच कुणीतरी घेतलं आहे.

कुणीतरी कसलं, दादाच! त्या बॉटखाली त्याचंच नाव होतं. रोपवाटिका विकू या म्हणून तो हटून बसला होता, ही नाही म्हणाली, आणि तेव्हापासून दोघांत अवाक्षर नव्हतं.

“झाडं नकोत, नाव मात्र हवं!” ती नवऱ्यावर डाफरली. “तक्रार करते. काढायलाच लावते.”

“आधी बघ तरी, काय केलंय त्याने.”

तिने दादाचा बॉट उघडला. गुलाबाची पानं पिवळी पडलीत, असं लिहिलं.

“आधी मातीत बोट घाल, मग तोंड उघड. ओली आहे की कोरडी?”

हुबेहूब वडील. तिला हसू फुटलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले. पण राग अजून नाकावर होताच. तक्रारीत लिहायला एखादी चूक सापडावी म्हणून तिने मुद्दाम फाटकाजवळच्या लिंबाचं विचारलं. त्या झाडापुढे वडिलांनी हात टेकले होते. त्याला पहिलं लिंबू धरलं ते तिच्या हातून.

“फाटकाजवळचं झाड? त्याने माझं कधी ऐकलं नाही. धाकटीचं ऐकतं. तिला विचार.”

ती कितीतरी वेळ ते वाचत राहिली. मग तिने दादाला फोन लावला.

“लिंबाचं रिकामं का सोडलंस?” तिने विचारलं.

“मला कुठे येतं ते,” दादा म्हणाला. “तू भरशील म्हणून थांबलो होतो.”