नव्वद दिवसांच्या आत

आमच्या ऑफिसात माणूस नोकरी सोडून जातो तेव्हा त्याचं अकाउंट त्याच्यासमोर बंद करायची पद्धत आहे. शेवटच्या दिवशी साडेचारला कँटीनमध्ये चहा-समोसा आणि टेबलाच्या टोकाला लॅपटॉप घेऊन मी. जाणाऱ्याच्या हातातल्या फोनवर कंपनीचा मेल बंद पडतो, मी विचारते, "गेलं ना?" तो म्हणतो, "गेलं." मग टाळ्या, फोटो, संपलं. बाकीच्या कंपन्यांत हे काम गुपचूप होतं. आमच्याकडे ही पद्धत शिवदासनं पाडली. माणसाच्या माघारी कुलूप बदलू नये, असं त्याचं म्हणणं होतं.

एकट्या शिवदासचं अकाउंट मी बंद केलं नाही. चहाच्या वेळी फोनवरचा मेल तेवढा तोडला, "गेलं ना?" विचारलं आणि त्याच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलले.

मी दर्शना वानखडे, वय एकेचाळीस, मुलुंड पूर्वेला आईसोबत राहते. मरोळच्या एका औषध पुरवणाऱ्या कंपनीत डिरेक्टरी सांभाळते, म्हणजे दोन महिन्यांपूर्वीपर्यंत सांभाळत होते. डिरेक्टरी ही कंपनीतल्या चौदाशे माणसांची यादी. नाव, फोटो, मजला, साहेब कोण आणि कुणाला कुठलं दार उघडतं. दारं अर्थात कॉम्प्युटरमधली. लोकांना वाटतं कंपनी मोठे साहेब चालवतात. चालवोत बापडे, पण त्यांचाही पासवर्ड माझ्याच हातात असायचा.

हे काम मला शिवदास मेस्त्रीनं शिकवलं. तो देवगडकडचा, घाटकोपरला पंतनगरात भाड्यानं राहायचा. नऊ वर्षं आम्ही मरोळ ते घाटकोपर एका मेट्रोनं गेलो. घाटकोपरच्या पुलावर तो डावीकडे जायचा, मी मुलुंडकडे, आणि आमचं बोलणं रोज अर्धवट राहायचं. मला तो आवडायचा. आता हे सांगायला काही वाटत नाही, तेव्हा मात्र जीभ टाळूला चिकटायची.

मग गावाला त्याच्या वडलांना अर्धांगवायू झाला. आंब्याची बाग, आजारी बाप आणि एकटी आई. शिवदासनं राजीनामा दिला. त्या आठवड्यात पुलावर थांबून तो म्हणाला होता, "तिकडे पण नेट आसा. येतंस काय गो?"

मी म्हटलं, "बघू."

मुंबईत बघू म्हणजे नाही. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पण मला खरोखरच बघायचं होतं. आईचं कसं करायचं ते, आणि त्याच्या वाडीत माझं आडनाव चालेल का तेही. तो प्रश्न त्यानं कधी काढला नाही, मी मनातल्या मनात रोज काढला. पुढे फोन दोघांनीही केला नाही. आधी रुसवा, मग लाज, मग सवय. तीन वर्षं गेली.

अकाउंट ठेवलं ते एवढ्याचसाठी की तो परत आला तर त्याला त्याचा जुना कर्मचारी-नंबर मिळावा, नव्या भरतीच्या रांगेत उभं राहायला लागू नये. पण एक अडचण होती. नव्वद दिवस न वापरलेलं अकाउंट दर रविवारी आपोआप बंद होतं. हा नियमही शिवदासचाच. त्यातून सुटका फक्त एका ग्रुपला. बॅकअप घेणाऱ्या वगैरे यंत्रांची अकाउंट त्या ग्रुपमध्ये असतात, ती कुणी काढत नाही. मी शिवदासला यंत्रांच्या रांगेत नेऊन बसवलं आणि निर्धास्त झाले. त्यानंतर त्याची नोंद उघडून पाहिली नाही. फोटो दिसला असता.

इथेच माती खाल्ली. तो ग्रुप दुसऱ्या एका ग्रुपमध्ये होता, दुसरा तिसऱ्यात, आणि तिसरा थेट सगळ्यात वरच्या अॅडमिन ग्रुपमध्ये. आतल्या ग्रुपला बाहेरच्याचे अधिकार आपोआप मिळतात. कुणीतरी कधीतरी घाईत जोडला असेल. मी वरपर्यंत चढून बघायला हवं होतं, शिवदासनं मला पहिल्या महिन्यात तेच तर शिकवलं होतं. म्हणजे तीन वर्षं आमच्या यादीत एक गेलेला माणूस सगळ्या दारांचा मालक होऊन बसला होता.

हे मला ऋतानं सांगितलं. ऋता बाहेरच्या कंपनीतली, आमची सिस्टीम फोडून दाखवायला पैसे देऊन बोलावलेली. सत्तावीस वर्षांची, बोलायला गोड, कामाला निर्दय. तिला आम्ही हेल्पडेस्कचं अगदी साधं अकाउंट दिलं होतं, तीन दिवसांत काय होतं ते बघ म्हणून. ती पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी माझ्या टेबलाशी आली.

तिनं समजावलं ते असं. पासवर्ड विसरलेल्या साध्या माणसाला नवीन पासवर्ड द्यायचा अधिकार हेल्पडेस्कला असतो. अॅडमिनचा पासवर्ड त्यांना बदलता येत नाही, कारण अॅडमिनची नावं वेगळ्या कप्प्यात ठेवतात. शिवदासचं नाव साध्या माणसांच्या कप्प्यात आणि अधिकार मात्र सगळ्यात वरचे. हेल्पडेस्कच्या कुणीही त्याचा पासवर्ड बदलावा, शिवदास म्हणून आत शिरावं आणि अख्खी कंपनी खिशात घालावी.

"मी अजून बदललेला नाहीये," ऋता म्हणाली. "कारण ताई, हे अकाउंट कुणीतरी वापरतंय. एकोणीस दिवसांपूर्वी लॉगिन आहे. हे मेस्त्री कोण?"

"ज्यानं मला हे काम शिकवलं तो," मी म्हटलं.

तिनं आवाज खाली आणला. गेलेला माणूस सगळ्यात वरच्या अधिकारानं आत येत असेल तर ते रिपोर्टात जाणार, रिपोर्ट आमचे विभागप्रमुख श्यामसुंदर साहेबांकडे आणि तिथून सायबर पोलिसांकडे. सहाला साहेबांची मीटिंग आहे, तोपर्यंत लॉग बघायचे असतील तर बघा, म्हणाली. एवढं तरी तिनं माझ्यासाठी केलं.

मी लॉग काढले, म्हणजे कोण कधी आत आलं त्याचा हिशेब. आमच्याकडे ते वर्षभराचे राहतात, आणि कुणी कुणाची नोंद वाचली हेही त्यात असतं. वर्षात शिवदासची चार लॉगिन होती. सगळी त्याच्या गावाकडून, प्रत्येक दोन-तीन मिनिटांचं. दोन लॉगिनमधलं अंतर मोजलं. सत्त्याऐंशी दिवस. अठ्ठ्याऐंशी. परत सत्त्याऐंशी.

नव्वदच्या आत. दर वेळी नव्वदच्या आत.

म्हणजे माझं खोटं त्यानं त्या चहाच्या टेबलावरच ओळखलं होतं. मी दार लावलं नाही हे त्याला ठाऊक होतं आणि ते रविवारी आपोआप लागू नये म्हणून तो वेळेवर येऊन हात लावून जात होता. मी त्याला कुठल्याही ग्रुपमध्ये घातलं नसतं तरी अकाउंट जगलं असतं. माझी ती हुशारी फुकट होती, भोक पाडण्यापुरतीच कामाला आली.

आणि आत येऊन त्यानं काय केलं? एवढे अधिकार असताना एक फाईल उघडली नाही. स्वतःची नोंदसुद्धा वाचली नाही, नाहीतर त्या ग्रुपचं त्याला कळलं असतं आणि त्यानं माझं डोकं खाल्लं असतं. चारही वेळा त्यानं एकच नोंद वाचली. वानखडे, दर्शना. दुसरा मजला. आडनाव तेच.

मी बायकांच्या टॉयलेटमध्ये जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि ते चार कागद छापले.

सहाच्या मीटिंगमध्ये श्यामसुंदर साहेब, ऋता आणि वकील होते. वकिलांनी तक्रारीचा मसुदा करूनच आणला होता आणि त्यात शिवदासचं पूर्ण नाव होतं. यंत्रांच्या ग्रुपची चूक माझी, हे मी आधीच सांगितलं होतं, पण त्यानं शिवदास सुटत नव्हता. तो आत का येत होता, याला उत्तर हवं होतं. उत्तर माझ्या हातात होतं आणि ते दाखवायचं म्हणजे तीन परक्या माणसांसमोर मन उघडं करायचं. दुसरा रस्ता नव्हता. मी कागद टेबलावर ठेवले.

साहेबांनी एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. चष्मा काढून पुसला.

"हा फक्त तुमचीच नोंद वाचतो?"

"हो."

"का?"

"मी कुठे बसते ते बघायला," मी म्हटलं. "आणि आडनाव बदललं का ते. अकाउंट मी मुद्दाम बंद केलं नव्हतं, सर. तो परत यावा म्हणून."

वकील खिडकीबाहेर बघायला लागले. ऋता खाली मान घालून काहीतरी लिहीत होती, काय ते देव जाणे. शेवटी ठरलं ते असं. शिवदासनं लेखी हमी द्यायची, पोलीस नकोत. माझे सगळे अधिकार काढून मला तळमजल्यावर, गोदामाच्या हिशेबनिसांच्या मदतीला पाठवायचं. आणि अकाउंट आत्ताच्या आत्ता बंद.

"त्याच्यासमोर करू दे," मी म्हटलं. "आपली पद्धत आहे."

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. तीन वर्षांनी. नंबर तोच होता. शिवदास पडवीत बसला होता, दाढी पांढरी झालेली, मागे आंब्याच्या रिकाम्या पेट्या. मी सगळं सांगितलं तेव्हा तो आधी ग्रुपवरूनच चिडला. वरपर्यंत चढून बघायचं असतं हे किती वेळा सांगितलं होतं, वगैरे. मग लॅपटॉप मांडीवर ओढला.

मी बटण दाबलं.

"गेलं ना?"

त्यानं लॉगिन करून बघितलं. बराच वेळ लावला.

"गेलं," तो म्हणाला. "आता तू खंयच्या मजल्यावर बसतंस ता माका कसा कळतला?"

"फोन करून विचार."

त्याला आज बासष्ट दिवस झाले. त्यानं फोन केलेला नाही. मी त्याला ओळखते, तो सत्त्याऐंशीव्या दिवशी करील. वेळेचा पक्का माणूस. पण नव्वदचा नियम त्याचा, माझा नाही, आणि मला आता नव्वदपर्यंत मोजायचं नव्हतं. आईशी काल बोलून झालं होतं. ती म्हणाली, आडनावाचं त्यांचं ते बघतील, तू तुझं बघ, आणि मला तिकडची हवा मानवेल.

आज दुपारी डबा खाऊन झाल्यावर मीच फोन लावला.

"तळमजला," मी म्हटलं. "जिन्याखालचं टेबल. आडनाव तेच."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. शिवदासनं त्यांना हाकललं, मग थांबला. घाटकोपरच्या पुलावर थांबला होता तसाच.

"येतंस काय गो?"

या वेळी मी बघू म्हटलं नाही.