रात्रपाळीचे दार

"अहो, इंजिन पुढे असतं," मी म्हटले.

यांचे डोके डिकीत होते. कमरेपासून वरचा माणूस गाडीत आणि खालचा बेकरीवाल्याच्या अंगणात, असे ते बराच वेळ उभे होते.

"इंजिन कुठे पळून जातंय?" आतून आवाज आला. "टॉर्च धर जरा. इकडे नाही, बिजागरीवर."

मी टॉर्च धरला. बेकरीवाला हाताचे पीठ पँटला पुसत आमच्याकडे बघत होता. मघापासून त्याने दोनदा गाडी चालू करून दाखवली होती, हॉर्न वाजवून दाखवला होता, नवे टायर दाखवले होते. यांनी टायरकडे ढुंकूनही पाहिले नव्हते.

"काका, तुम्हाला गाडी घ्यायचीय की दार?" शेवटी तो म्हणाला.

हे बाहेर आले. केसांना जाळी लागली होती. "तांबडा," ते मला म्हणाले, जणू डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगावे. "शिकाऊ पोराचं काम आहे. चल."

"काय तांबडं?" बेकरीवाला गोंधळला. "गाडी पांढरी आहे."

त्याला काय सांगणार? मी हात जोडले आणि यांच्या मागून निघाले.

हे ज्या कारखान्यात उभी हयात होते, तिथे ही गाडी बनायची. दिसायला छोटी, पण मागे लांबट. मागची सीट पाडली की डिकीपासून थेट पुढच्या सीटपर्यंत ओटा केल्यासारखी सपाट जागा. कंपनी बुडाली, फाटकाला कुलूप लागले, गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या. बंद कंपनीच्या गाड्या कुणाला नको असतात म्हणून परवडतात, आणि आम्हाला तीच हवी होती. म्हणजे मला जागेसाठी आणि यांना, यांना का ते तेच जाणोत.

कारखान्यात यांचे काम एकच. डिकीचे दार बसवायचे. बिजागरीचा बोल्ट पिळून झाला की त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे उद्या तक्रार आली तर दार कुणाचे ते कळावे. यांचा ठिपका निळा. शिकाऊ पोरांचा तांबडा. आणि रात्रपाळीला दारे बसवणाऱ्या माणसाचा पिवळा. त्या माणसाला सगळे पिवळ्याच म्हणत. मी त्याला कधी पाहिलेले नाही, पण लग्न होऊन आले त्या दिवसापासून तो आमच्या घरात दोन्ही वेळेला जेवायला असे. "पिवळ्याने काल काय दिवे लावले, ऐक," अशी पहिल्या घासाला सुरुवात व्हायची. सवतीचासुद्धा कुणी एवढा उद्धार केला नसेल.

मजा म्हणजे एवढ्या गाड्या हाताखालून गेल्या, पण यांना गाडी चालवता येत नाही. यांची गाडीशी सगळी ओळख पाठमोरी. चालवायची ती मी.

आणि मला ती सोमवारच्या आत हवी होती. मी पडदे शिवते. कारखाना बंद झाल्यापासून घर पडद्यांवरच चालते. इस्पितळात दोन खाटांच्या मध्ये लावतात ना, ते पडदे शिवून, दांड्यांसकट नेऊन, वॉर्डात टांगून द्यायचे काम मला मिळाले होते. टेम्पोवाल्याने दोनदा दगा दिला तेव्हा मेट्रनबाईंनी बोलावून घेतले. "बाई, तुमची शिलाई चांगली आहे. पण टेम्पोवाल्याच्या लहरीवर मी माझे पेशंट उघड्यावर ठेवू शकत नाही. सोमवारी स्वतःच्या गाडीने माल आणा, नाहीतर मी दुसरीकडे सांगते." त्यांचे चुकले असे मला वाटत नाही.

बेकरीवाल्याची गाडी शनिवारी सकाळी पाहिली. संध्याकाळी एका नळजोडणीवाल्याकडे गेलो. या वेळी हे डिकीत गेले आणि लगेच बाहेर आले. चेहरा असा, की आमची लेक जन्मली तेव्हा नर्सबाईंनी बाहेर येऊन सांगितल्यावर होता तसा.

"निळा!"

"बरं," मी म्हटले. "आता बाकीचं बघू या?"

"बाकीचं काय बघायचंय? माझं दार आहे. हे बघ, एका बोटाने." त्यांनी एका बोटाने दार खाली आणले. ते खरेच छान लागले. त्या धक्क्याने पुढचा आरसा निखळून लोंबू लागला.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. पायाखालची रबरी चटई सरकवली, तर खाली नळजोडणीवाल्याची मांजर बसलेली दिसली. गाडीच्या आतून मांजर दिसली.

"अहो, इथून जमीन दिसतेय."

"पत्रा मारून घेऊ."

"क्लच दाबला की वर येत नाही."

"येईल, सवय नाहीये त्याला. तू जरा मागे येऊन दार तरी बघ."

गाडी चालू केली तेव्हा निघालेल्या धुरात नळजोडणीवाला दिसेनासा झाला. "थंड आहे म्हणून," धुरातून त्याचा आवाज आला. "गरम झाली की कमी होतं."

"ऐकलंस ना?" हे म्हणाले.

रोज सकाळी देवापुढे बसते तेव्हा मी एकच ठरवून उठते, की दिवे लागेपर्यंत कुणाला टाकून बोलायचे नाही. पुष्कळ वर्षांचा नेम आहे. त्या संध्याकाळी मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले आणि सूर्य कुठवर आलाय ते पाहिले. मग खाली उतरून शक्य तितक्या हळू म्हणाले, "दार फार सुरेख आहे. गाडी नको."

रात्री लेकीचा फोन आला. तिनेच दुरून फोनवर शोधून हे पत्ते दिले होते. "आई, अजून एकच उरलीय तुमच्या भागात. एका शाळेतल्या बाईंची. बाबांना घरी ठेवून जा."

"त्यांना घरी ठेवलं तर कुणाचा ठिपका कोण बघणार?"

"आई, तू चिडलीयस?"

"नाही गं. मी कुठे चिडते?"

रविवारी दुपारी आम्ही शिक्षिकाबाईंकडे गेलो. निवृत्त झालेल्या, एकट्या. त्यांची बहीण त्यांना आपल्याकडे राहायला नेणार होती. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. आत कापडी अभ्रे, धुतलेले. मी चालू केली तर शिवणयंत्राला तेल दिल्यावर चालते तशी चालली. गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली. क्लच हलका, ब्रेक जागेवर, खालून काहीही दिसत नव्हते. येताना बरोबर आणलेला एक लांब दांडा मी मागून सरकवला. तो सळसळत पुढच्या सीटपाशी जाऊन टेकला, आणि दार लावायला मागे वीतभर जागा उरली. मला देव पावला असे वाटले. मी वळून पाहिले तर हे उघड्या दाराखाली हाताची घडी घालून उभे.

"पिवळा," ते म्हणाले.

मी दांडा बाहेर ओढून घेतला.

"एकटा पिवळा. शेजारी निळा नाही. म्हणजे हे माझ्या हाताखालून गेलेलंच नाही. पावसात पाणी आत येईल. तुझे पडदे भिजतील, मग म्हणू नकोस."

"बाई, पाणी येतं का हो आत?" मी विचारले.

"छे," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "मी वह्यांचे गठ्ठे न्यायची यातून. एक पान कधी ओलं झालं नाही."

"आज येत नसेल. पिवळ्याचं काम असंच. वरून गोड." आणि मला म्हणाले, "नको ही. आणखी एखादी बघू."

"उद्या सोमवार आहे."

"मेट्रनबाईंना सांग, दोन दिवस थांबा."

"त्या थांबणार नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे."

"म्हणून काय त्या माणसाचं दार घरात आणायचं? जन्मभर मी त्याची घाण निस्तरली! दिवसपाळी म्हणजे काय, रात्रपाळीची—"

"दिवसपाळी बंद झाली," मी म्हणाले. "रात्रपाळीही बंद झाली. आता फक्त माझ्या शिवणयंत्राची पाळी चालू आहे."

आवाज मी चढवला नव्हता. चढवला असता तर बरे झाले असते, यांनी उलटून बोलायला काही हाती लागले असते. ऊन अजून शेडच्या पत्र्यावर होते, दिवे लागायला वेळ होता. शिक्षिकाबाई "पाणी आणते" म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

यांनी खिशातून एक कागद काढला. किराण्याची पावती होती. तिची लांब पट्टी फाडली. दाराच्या रबरावर पट्टीचे एक टोक ठेवून दार लावले आणि दुसरे टोक ओढले. पट्टी निघेना. दार उघडून पट्टी वीतभर पुढे ठेवली, पुन्हा लावले, पुन्हा ओढले. कारखान्यात अशीच परीक्षा घ्यायचे म्हणे. रबर कुठे सैल असेल तिथून कागद सुळकन निघतो. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून ते वरून फिरत दुसऱ्या कोपऱ्याला आले, मग खालून. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. शेवटी पट्टी फाटली आणि अर्धी त्यांच्या हातात राहिली.

शिक्षिकाबाई पाणी घेऊन आल्या तेव्हा यांनी विचारले, "हे दार तुम्ही कधी काढून बसवलंत? कुठल्या मेकॅनिककडे?"

"नाही हो. बाकी काही ना काही निघालं, गाडी म्हटल्यावर निघणारच. दाराला मात्र कधी हात लावावा लागला नाही. का? काही बिघडलंय का?"

"नाही," हे म्हणाले. पाणी प्यायले. पेला ठेवायला जागा शोधत राहिले, शेवटी बाईंनीच तो हातातून घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घे."

गाडी मी चालवत होते आणि हे शेजारी बसले होते. खिडकीची काच थोडी खाली केली, पुन्हा वर केली. बरेच अंतर गेल्यावर आपणहून बोलू लागले.

"सकाळी पाळीवर गेलो की रात्रीच्या गाड्या रांगेत उभ्या असायच्या. त्याची दारं बसवलेल्या."

"हं."

"आपलं काम सुरू व्हायच्या आधी मी ती सैल करायचो. आणि पुन्हा पिळायचो. मग पिवळ्याच्या शेजारी माझा निळा."

"सगळी?"

"हाताला लागतील तेवढी. साहेब म्हणायचे, कशाला जिवाला त्रास करून घेतोस? मी म्हणायचो, बघवत नाही."

"ती वाकडी असायची?"

सिग्नल लागला होता. तो सुटला, मागच्याने हॉर्न वाजवला, मी गाडी पुढे घेतली.

"मी बघितलं कुठे?" ते म्हणाले. "सरळ पाना लावायचो."

मला हसू यायला हवे होते. इतकी वर्षे दोन्ही वेळच्या जेवणात मी ज्या दारांची दुखणी ऐकली, ती आधी धडधाकट असतील असे माझ्या कधी मनात आले नव्हते. यांच्याही आले नसावे.

"ही तेवढी हातून निसटली," मी म्हटले.

"ही निसटली."

"कुठे असतो तो आता?"

"कोण जाणे. कारखाना बंद झाला त्या दिवशी सगळ्यांची हजेरी एकदम घेतली, तेव्हा माझ्या पुढेच उभा होता. मी बोललो नाही. त्याने एकदा मागे वळून बघितलं होतं."

सोमवारी सकाळी पडद्यांचे गठ्ठे भरले, मधून दांडे सरकवले आणि इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी गाडी लावली. मेट्रनबाई वरच्या खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी गाडी पाहिली, घड्याळ पाहिले आणि आत गेल्या. म्हणजे काम राहिले.

फाटकावरचा वॉचमन गाडीभोवती एक फेरी मारून आला. "ही कुठल्या कंपनीची हो? हे चिन्ह नाही बघितलं कधी."

"ती कंपनी बंद पडली," हे दांडे ओढता ओढता म्हणाले.

"कंपनी बंद? मग ही चालते कशी?"

"चालते."

"तुम्हाला बरी माहिती."

"मी होतो तिथे. डिकीची दारं बसवायचो."

"आयला!" वॉचमनला आता गंमत वाटू लागली. त्याने उघडे दार दोन बोटांनी खाली ढकलले. ते सावकाश आले आणि उशीवर डोके टेकावे तसे लागले. त्याने पुन्हा उघडले, पुन्हा लावले. "आवाजसुद्धा नाही राव! म्हणजे हे तुमच्याच हातचं!"

मी गठ्ठ्याची गाठ सोडवत होते. सोडवतच राहिले. यांनी 'हो' म्हटले असते तर कुणाचे काही जाणार नव्हते. त्या फाटकावर खरेखोटे करायला कोण येणार होते?

"नाही," हे म्हणाले. "रात्रपाळीला एक जण होता, त्याचं काम आहे. चांगला हात होता त्याचा."

मग त्यांनी सगळ्यात लांब दांड्याचे पुढचे टोक खांद्यावर घेतले. मागचे मी घेतले. उतारावरून वॉर्डाच्या दाराकडे आम्ही निघालो. ते नेहमी भरभर चालतात आणि मला पळावे लागते. त्या दिवशी दांडा आमच्या दोघांमध्ये सरळ राहिला.