खलाशाचं म्हणणं

थोरल्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी जगाच्या कोर्टाचा निकाल लागला. एकाला झोपवावं तर दुसरं उठत होतं, आणि त्या गोंधळात सरकारी वकिलाचा फोन आला. क्रेनवाल्यानं तो एका कानात बोट घालून ऐकला. खलाशाचा खटला पुन्हा बघा, असं तिकडच्या न्यायाधीशांनी सांगितलं होतं.

बंदरातली नोकरी संपून बरीच वर्षं झाली तरी गल्ली त्याला क्रेनवालाच म्हणे. त्याचा मुलगा त्याच बंदरात गोदामाचा कारकून होता. धक्क्याच्या पायऱ्यांवर कुणीतरी त्याच्या पोटात सुरी खुपसली. पोलीस पोचले तेव्हा एक परदेशी खलाशी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, कपडे रक्तानं भिजलेले. त्यालाच धरलं. खालच्या कोर्टानं फाशी सुनावली, मधल्यानं आणि वरच्यानं ती कायम केली. तिन्ही कोर्टांच्या बाकांवर बसून बसून क्रेनवाल्याचे केस पांढरे झाले होते.

दुसऱ्या दिवशी तो तणतणत वकिलाकडे गेला.

"त्या लोकांना आमचा धक्का कुठं आहे हे तरी ठाऊक आहे का?"

"काका, आधी बसा. पंख्याखाली बसा," वकील म्हणाला. "परक्या माणसाला पकडलं की त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवायचं, असा करार आहे. आपण कळवलं नाही. म्हणून त्याचा देश तिकडे गेला."

"करार कुणी केला?"

"आपल्याच सरकारनं. भांडण झालं तर ते कोर्ट म्हणेल ते ऐकू, अशी सहीसुद्धा केली."

"मला विचारलं होतं?"

"मलाही नव्हतं विचारलं."

क्रेनवाल्याला हसू आलं नाही. "मग काय, सोडा म्हणाले त्याला?"

"छे. पुन्हा बघा म्हणाले. कसं बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

"म्हणजे जेवायला त्यांनी बोलावायचं आणि चूल आम्हीच फुंकायची."

घरी येऊन त्यानं सगळा राग बायकोपुढं ओतला. तीन कोर्टं झाली, आता हे चौथं कुठून उपटलं, यांना निवडून कुणी दिलं, आपल्या पोराबद्दल त्यांनी एक शब्द तरी काढला का. ती मांडीवर नात घेऊन थोपटत होती. त्याचं सगळं बोलून होऊ दिलं आणि मग म्हणाली, "म्हणजे आता तो बोलेल का?"

"कोण?"

"तो खलाशी. पहिल्या वेळी त्याला कुणी बोलू दिलं? बंदराच्या कँटीनमधला तो पोऱ्या आणला होता, त्याची भाषा येते म्हणून. त्याला पाच-दहा शब्द यायचे. मी मारलं नाही, एवढंच कळलं आपल्याला."

"त्यानंच मारलंय."

"मारलं असेल. पण डॉक्टर म्हणाले होते, आपलं पोर लगेच गेलं नाही. अर्धा तास होतं. पाणी मागितलं का, मला हाक मारली का, काय झालं त्या अर्ध्या तासात?"

"हे तू त्या खुन्याच्या तोंडून ऐकणार?"

"दुसरं कोण होतं तिथं?"

क्रेनवाला उठून बाहेर गेला आणि नळ गळत नसताना त्याची चकती बदलत बसला. इतक्या वर्षांत तिनं हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. आणि त्यालाही कधी सुचलं नव्हतं, याचाच त्याला जास्त राग आला.

फेरविचाराच्या दिवशी दोघंही कोर्टात गेले. वकिलातीनं दुभाषी पाठवला होता, चांगला शिकलेला, दोन्ही भाषा पाण्यासारख्या बोलणारा. त्याला बघून बायकोनं क्रेनवाल्याचा हात दाबला. खलाशी पिंजऱ्यात उभा होता. आता त्याचे दात पडले होते, आणि हातात त्यानं घडी केलेला कागद धरला होता.

मधल्या कोर्टात ज्या न्यायाधीशांनी फाशी कायम केली होती, तेच समोर येऊन बसले. त्यांनी फाईल उघडली. जागतिक न्यायालयानं फेरविचार करायला सांगितलं आहे, पद्धत आपल्यावर सोडली आहे, तोंडी ऐकून घ्या असं म्हटलेलं नाही, असं ते म्हणाले. कागदपत्रं पुन्हा पाहिली. निकालात बदल करावा असं काही आढळलं नाही.

दुभाषी अजून खुर्ची पुढं ओढत होता.

क्रेनवाला उभा राहिला. "साहेब, त्याला बोलू द्या."

"आपण कोण?"

"मेलेल्याचा बाप."

"मग निकाल तुमच्याच बाजूनं आहे. बसा."

"पण साहेब, आम्हाला ऐकायचंय."

"बसा म्हटलं ना."

सरकारी वकिलानं त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं. खलाशाला नेलं तेव्हा तो मागं वळून यांच्याकडेच बघत काहीतरी सांगत होता. दुभाषी धावला, पण पोलिसांनी दार लावून घेतलं.

"वरूनच आलं होतं, काका, एका दिवसात उरका म्हणून," वकील जिन्यात म्हणाला.

"बघायचंच नव्हतं तर सही कशाला केली?"

"सही करताना कुणाला वाटतं आपल्यावर वेळ येईल."

मग सुरू झाले हेलपाटे. तुरुंगात जाऊन खलाशाला भेटू द्या असं नवराबायको म्हणाले, तर तुरुंगाधिकारी म्हणाले कोर्टाचा हुकूम आणा. कोर्ट म्हणालं, त्याचा देश पुन्हा जगाच्या कोर्टात गेलाय, तोवर आम्हाला हात लावता येत नाही. जगाच्या कोर्टाला बायकोनं मुलीकडून पत्र लिहून घेतलं. उत्तर आलं, अगदी सभ्य भाषेत: हे न्यायालय फक्त देशांचं ऐकतं, माणसांचं नाही.

"बरंय," ती म्हणाली. "पुढच्या जन्मी देश होऊन येईन."

वर्तमानपत्रं लिहीत होती की बाहेरच्यांनी आम्हाला न्याय शिकवू नये. शेजारी क्रेनवाल्याची पाठ थोपटत, आपल्या पोरासाठी देश उभा राहिलाय म्हणून. एकेकाळी हे त्याच्याच तोंडचं बोलणं होतं, त्यामुळे भांडावं तरी कुणाशी, हे त्याला कळेना.

शेवटी जगाच्या कोर्टानं दुसऱ्यांदा सांगितलं: नुसते कागद चाळणं म्हणजे फेरविचार नव्हे, माणसाला ऐका. सरकारनं पुष्कळ पाय आपटले आणि अखेर तारीख दिली. न्यायाधीश नवे, दुभाषी तोच. बायकोनं काय काय विचारायचं ते मुलीला पाठ करून ठेवायला सांगितलं, आपल्याला तिथं रडू फुटलं तर निदान ती विचारील.

ते काही झालं नाही. खलाशी तुरुंगाच्या इस्पितळात काविळीनं वारला, सुनावणीच्या आदल्या आठवड्यात, सोमवारी पहाटे.