एकाच पाइपातली वायर

लातूरच्या एका क्लासला दीपमाला अर्धापूरच्या घरातून ऑनलाइन बायॉलॉजी शिकवायची. आजही स्क्रीनवर तिचा चेहरा गोठला आणि पोरं 'मॅडम, अडकलं' लिहीत राहिली. क्लासवाल्यांनी बजावलं होतं, सोमवारी असंच झालं तर तास दुसऱ्याला देऊ. नवरा व्यंकट गेल्यापासून घर त्याच तासांवर चालत होतं. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. तिनं वायरमन मन्मथला बोलावलं.

नेटचा डबा खाली बैठकीत, तिची खोली वर. स्लॅबमधून वायफाय पोचत नव्हतं. बाहेरून टाकलेली वायर माकडं ठेवत नव्हती. राहिला भिंतीतला पाइप. त्यात व्यंकटनं स्वतः ओढलेली टीव्हीची वायर होती. दुसरी मावणार नव्हती.

"जुनीला नवी बांधायची आन् वढायची," मन्मथ म्हणाला. "जुनी निघती, नवी बसती."

त्यानं आणलेल्या नव्या वायरीतली तांबूस तार दीपमालानं ब्लेडनं खरवडली. आतून पांढरी निघाली.

"हे ॲल्युमिनियम आहे, मन्मथभाऊ. ओढताना तुटेल. पूर्ण तांब्याची आणा."

"वैनी, तुमी बायॉलॉजीच्या का वायरिंगच्या?" म्हणत तो नांदेडला जाऊन आला.

सासू साखराबाई टीव्हीसमोर बसून होत्या. व्यंकट गेल्यापासून टीव्ही बंदच होता.

"त्याच्या हातची वायर हाय ती. न्हाई काढायची."

"मामी, तास गेला तर मला पुण्याला नोकरी बघावी लागेल. तुम्ही इथं एकट्या."

साखराबाई टीव्हीसमोरून उठून बाजूला झाल्या.

दीपमाला वरून वायर सोडू लागली, मन्मथ खालून ओढू लागला. वळणावर ती अडकली.

"जोर लावला तर गाठ सुटंल, वैनी!" मन्मथ खालून ओरडला. "मग नवी वढायला पाइपात कायबी ऱ्हाणार न्हाई."

दीपमाला वायर धरून नुसती उभी राहिली. तेवढ्यात साखराबाई पावडरचा डबा घेऊन जिना चढून आल्या.

"त्याचीबी हितंच अडकली हुती. माझा अख्खा डबा वायरीला चोळला मेल्यानं," म्हणाल्या आणि थांबल्या. मग खाली बसून नव्या वायरीला पावडर चोळू लागल्या.

वायर सरकली.

सोमवारचा तास कुठंही न अडकता संपला. क्लासकडून पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक आलं. आनंद झाला का, ते दीपमालाला कळलं नाही. ती खाली आली. जुन्या वायरीचं वेटोळं टीव्हीवर ठेवलेलं होतं.

"झाला तास?"

"झाला."

"मग जेव," साखराबाई म्हणाल्या.